वरच्या साहेबाचा बडग्या

ही गोष्ट नागपूरबाहेर सांगितली तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि नागपुरात सांगितली तर लोक म्हणतील, अर्धीच सांगितली. पण शपथेवर सांगतो, घडलेली आहे.

धरमपेठेतल्या एका वस्तीत समाजभवन आहे. पोरापोरींनी नाटकं बसवावी, चित्रं काढावी म्हणून बांधलेलं. त्याची किल्ली देखरेख करणाऱ्या दत्तोपंतांकडे. पोट्टे आत गेले की फरशी मळते, म्हणून भवन कायम बंद. मग वस्तीतली पोरगी कामिनी आणि तिची नाटकमंडळी तालीम करायची रस्त्यावर, प्रयागबाईंच्या भाजीठेल्यामागे. राजानं "प्रधानजी!" अशी हाक मारली की पलीकडून कोथिंबिरीची जुडी हलवत "ताजा संभार!" असं उत्तर यायचं.

कामिनी किल्ली मागायला आली की दत्तोपंत हळहळायचे. "अवं पोरी, मी तर आत्ता उघडून देतो. पण वरचा साहेब परवानगी देऊन नाही राहिला नं!"

वर पाण्याच्या टाकीशिवाय कोणी नव्हतं.

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, निघते आणि तिच्यासोबत बडग्या. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि जाळून टाकायचा. मिरवणुकीच्या आठवडाभर आधीच कामिनी दत्तोपंतांच्या दारात हजर झाली.

"काका, यंदा आम्ही वरच्या साहेबाचा बडग्या करून राहिलो."

दत्तोपंतांनी चहाचा कप खाली ठेवला. "कराच!" ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"पण तो दिसते कसा? तुम्हीच तर पाहिला त्याले."

आता नसलेल्या माणसाचं तोंड आणायचं कुठून? समोर कपाटाचा आरसा होता. दत्तोपंत त्यात बघत बघत सांगू लागले, "नाक पोपटासारखं. मिशी खराट्यासारखी. अन् चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली."

"साहेब असून दोरा?"

"कंजूस आहे लेकाचा!" दत्तोपंत रंगात आले.

"अन् कोट कुठून आणू?"

"माझा जुना घेऊन जा. सेम तसाच घालते तो."

मिरवणुकीच्या दिवशी बडग्या निघाला तो विजेच्या तारांना टोपी घासत. आणि इतका हुबेहूब, की दत्तोपंतांवर रोज भुंकणारं कुत्रं बडग्यावर भुंकलं आणि खुद्द दत्तोपंतांना त्यानं ओळखही दिली नाही. ढोलाच्या पुढे दत्तोपंतच होते, घसा फोडून ओरडत, "पोरांचं भवन अडवणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" लोक पोट धरून हसत होते. दत्तोपंतांना वाटलं, आपली घोषणा रंगली.

चौकात प्रयागबाई ठेला सोडून पुढे आल्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

"काहून जी दत्तोपंत, सोताच सोताले जाळायले चालले?"

ढोल थांबला. दत्तोपंतांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांचंच नाक, त्यांचीच मिशी, त्यांचाच कोट वरून त्यांच्याकडे बघत होता. सगळी वस्ती खिदळत होती, ते एक वेळ सोसलं असतं. पण कामिनी हसत नव्हती.

"काका," ती हळूच म्हणाली, "म्हणजे वर कोणी साहेबच नाही? दोन वर्षं आम्ही उगाच उन्हात उभे राहिलो?"

दत्तोपंतांना बडग्याच्या कोटात शिरून लपावंसं वाटलं. खरं बोलायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. ती त्यांनी जाऊ दिली.

"अवं, मी मुद्दामच केलं!" ते छाती काढून म्हणाले. "जुना दत्तोपंत जळून जाऊ दे म्हटलं! भवन तर आजपासून तुमचंच आहे. किल्ली सकाळी उठल्या उठल्याच काकूजवळ देऊन ठेवली. विचार तिले!"

सगळ्यांच्या माना वळल्या. गर्दीत त्यांच्या पत्नी लतिकाबाई उभ्या होत्या.

"माझ्याजवळ?" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "अहो, मग मघाशी आंघोळ करताना तुमच्या जानव्याले लटकून काय किणकिण वाजून राहिलं होतं?"