मल्लप्पा मास्तरांची आठ मडकी

"यंदाची ढाल आपलीच! नाही आणली, तर ही शिट्टी सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकीन!"

बहात्तर साली मल्लप्पा मास्तरांनी कन्याशाळेच्या मोठ्या बाईंसमोर अशी छाती ठोकली. मनातला बेत वेगळाच! शाळेच्या मैदानावर मुलींना नुसत्या चकरा मारायला लावायच्या. खो-खोचे खरे डाव संध्याकाळी घरच्या अंगणात, एकेकीला, खासगी शिकवणीत!

"आपल्याच पोरींकडून फी?" बायको सावित्रम्मा कडाडली. "मग शाळा पगार कशाचा देते हो?"

"पैशाला शिवेन तर शपथ! शेंगांची चटणी म्हणजे काय फी असते व्हय?"

शिकवणी नसेल त्या मुलीची संघातली जागा डळमळते, हे आयांनी लगेच ताडलं. घरोघरून चटणी आणि कडक भाकऱ्यांची रीघ लागली. मास्तरांचं पोट जिंकायच्या आधीच ढालीसारखं पुढं आलं!

पण खो-खो एकटीला शिकवायचा कसा? रांगेत बसायला आठजणी हव्यात! मास्तरांनी अंगणात आठ मडकी उपडी घातली.

"हं दाक्षायणी, मडक्याला खो दे!"

"दिला. उठत न्हाय की!"

"मग तूच पळ पुढं!"

सगळ्याजणी अशाच तयार झाल्या.

अंतिम सामन्यात दाक्षायणीनं बसव्वाला खो दिला. बसव्वा उठून पळाली. पण दाक्षायणी तिच्या जागी बसेचना, तीही पळतेय! बसव्वानं मल्लव्वाला खो दिला, आता तिघी पळतायत! पंचांची शिट्टी गिरणीच्या भोंग्यासारखी वाजत राहिली.

"अगं, बस की खाली!" मास्तर ओरडले.

"तुमीच सांगितलं, खो दिल्यावर आपणच पळायचं!"

"अगं, तितं मडकी होती!"

ढाल बार्शीला गेली. मास्तर शिट्टी घेऊन तळ्याकडे निघाले, तर मोठ्या बाईंनी वाटेतच गाठलं.

"शिट्टी राहू द्या. उद्यापासून मैदानावर शिकवा. सगळ्यांना, एकत्र. आणि चटणी न घेता!"

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली नव्हती. मास्तर स्वतःच तिच्या जागी रांगेत उकिडवे बसले. दाक्षायणी वाऱ्यासारखी आली नि पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

मास्तरांनी जोर केला. पोट गुडघ्यांत अडकलं. पुन्हा जोर केला. छे!

"उठा की मास्तर!"

"थांब गं जरा..."

दाक्षायणी कशाला थांबते? तशीच पुढं पळत ओरडली, "पोरींनो, हितं खो देऊ नका गं! ह्ये मडकं हाय!"