छबीनवीसाचा मारा चुकवून मावशीसाहेबांनी शर्यत मारली त्याची हकिकत

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात एक मैदान आणा. उन्हाने तापलेले, चुन्याच्या रेघांनी आखलेले. त्यावर देशोदेशीच्या सुंदऱ्या उभ्या आहेत, पायांत धावायचे बूट आणि खांद्यावरून कमरेपर्यंत आपापल्या देशाच्या नावाचा रेशमी पट्टा. दिसले? मग ऐका. विश्वातील सर्वांत देखणी कोण, हे ठरविण्याच्या धामधुमीत एक दिवस खेळांचाही असतो. त्या दिवशी जे जाहले ते येथे यथास्थित लिहिले आहे. तिखटमीठ लागलेच असेल तर चवीपुरते.

तर मावशीसाहेब मूळच्या दातांच्या दवाखान्यातील मदतनीस, आणि हसणे ऐसे की रुग्ण आपली दाढ विसरत; त्याच हसण्याच्या जोरावर या स्पर्धेत दाखल जाहल्या, आणि पाठराखणीस थोरली बहीण व तिची चिमुरडी लेक, म्हणजे भाची, सोबत आली. परंतु ग्रहमान फिरले. झग्यांच्या लढाईत टाच झग्यातच अडकून शिकस्त जाहली. मग सवालजवाबांच्या लढाईत पंचांनी पुसले की, जगात शांतता कैसी नांदेल, आणि मावशीसाहेबांनी जांभई आवरीत अर्ज केला की, आधी सर्वांनी वेळेवर झोपावे, आणि तेथेही गुण गेले. मग एकच वाट उरली. कायदा ऐसा की, धावण्यात जी पहिली येईल तिने थेट अंतिम रात्रीत दाखल व्हावे, आणि गुणांत मागे पडलेल्या बाकीच्यांनी उद्याच्या विमानाने घरी कूच करावे. आणि त्या अंतिम रात्रीसाठी थोरल्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईसाहेबांनी, स्वहस्ते निळा झगा शिवला होता, तो हॉटेलच्या न्हाणीघराच्या दारामागे पिशवीतच लटकत होता. भाचीला तो एकदा दिव्यांखाली चमकताना बघायचा होता. दुसरी मागणी नव्हती.

परंतु सरावाच्या धावेत विपरीत घडले. शेवटच्या रेघेपाशी छबीनवीस, म्हणजे फोटोवाला, दबा धरून बसला होता. त्याने कॅमेरा उचलला मात्र, सुंदऱ्यांची तमाम फौज जागच्या जागी उभी राहिली. एक हात कमरेवर, एक गुडघा वाकडा, हनुवटी वर, दात बाहेर. कारण सुंदऱ्यांना चालणे-बोलणे शिकविणाऱ्या शिस्तबाईंचा सक्त हुकूम होता की, कॅमेरा दिसताच ऐसेच उभे राहावे, आणि छबीनवीस 'झालं' म्हणेपर्यंत हलू नये, आणि तो हुकूम हाडामासांत मुरला होता. आणि मग पाण्याची नळी ओढीत निघालेला माळी रेघ ओलांडून पहिला आला.

"अगं, मध्येच थांबतेस काय? बसथांबा आहे का तो?" आईसाहेब म्हणाल्या.

"ताई, मी नाही गं थांबत. गुडघा थांबतो."

"मग गुडघ्याला सांग, रात्र रात्र जागून झगा मी शिवलाय."

"मावशी, डोळे मिटून पळ," भाचीने मसलत दिली.

"आणि पडले म्हणजे?"

"तोंडावर नको पडूस. बाकी कुठेही चालेल."

मग शिट्टीसरदारांनी शिट्टी फुंकली आणि खरी धाव सुरू जाहली. आघाडीस लांबटांगी, जिचे पाय एका परगण्यात सुरू होऊन दुसऱ्यात संपत, आणि तिच्या पाठोपाठ मावशीसाहेब, आणि मग बाकी फौज धूळ उडवीत. रेघ जवळ आली, आणि मावशीसाहेबांनी बरोबरी साधली, आणि नेमके तेसमयी छबीनवीसाने कॅमेरा उचलला. लांबटांगीने केस झटकून मान वळविली. फौज थिजली. मावशीसाहेबांचा हात कमरेवर गेला, गुडघा वाकू लागला.

भाची कठड्यावर चढली आणि घसा फाडून ओरडली, "मावशी, दूध उतू जातंय!"

बाळांनो, शिस्तबाईंचा हुकूम महिन्याभराचा, परंतु दुधाचा हुकूम जन्माचा. घरी रोज सकाळी दुधावरची तैनाती मावशीसाहेबांचीच, आणि करपलेल्या पातेल्यांपायी ताईची तोफ किती वेळा डागली गेली याची गणती नाही. मग पाय आपोआप सुटले. केस तोंडात, पट्टा गळ्यात, हसू बेपत्ता, ऐशा थाटात त्यांनी रेघ ओलांडली, आणि छबीनवीसास कॅमेऱ्यासकट आडवे केले, आणि थेट पंचांच्या मेजाशी जाऊन गॅसचे बटण चाचपू लागल्या.

शिस्तबाईंनी तक्रार गुदरली की, ऐसा अवतार सुंदरीस शोभत नाही, आणि पोरीने बाहेरून मदत केली. पंचांनी नियम चाळले, आपसात खल केला आणि फर्मान काढले की, दूध उतू चालले असे सांगणे ही मदत नसून माणुसकी होय; आणि पहिली ती पहिली, तोंड कैसे होते हे पुसू नये.

येणेप्रमाणे मावशीसाहेबांची फत्ते जाहली, निळ्या झग्यास पिशवीतून मुक्तता मिळाली, आणि दूध कोठेही उतू गेले नव्हते, हे दफ्तरी नोंदले असे.

आणि भाची? तिला तहान लागली होती, आणि गार पाण्याच्या पिंपापाशी सुंदऱ्यांची मोठी रांग होती, रांगेत शिस्तबाई आणि शिट्टीसरदारही. भाचीने थोडा विचार केला. मग दोन्ही मुठी डोळ्यांपाशी नेल्या आणि म्हणाली, "क्लिक."

सारी रांग एक गुडघा वाकवून थिजली. शिट्टीसरदारांनी पोट आत घेतले. भाची त्यांच्यामधून निवांत चालत गेली, एक ग्लास स्वतःसाठी भरला, एक मावशीसाठी भरला, आणि परत आली. 'झालं' असे मात्र तिने कोणासही सांगितले नाही.