सोडा पुढे पाठवला आहे

पेणच्या पुंडलिक पाशिलकरांच्या 'निर्मळ धुलाई केंद्रा'त मालकासकट अकरा माणसे होती आणि त्यांच्यात साहेब कोण, हे अकराही जणांना ठाऊक होते. एवढे पुरेसे नाही, असे धाटावच्या एका कारखान्याने लेखी कळवले.

या कारखान्याच्या कामगारांचे बॉयलर सूट पुंडलिकशेठ बावीस वर्षे धुऊन देत होते. ऑफिस पेणला, धुण्याची यंत्रे रोह्याला. दहातले आठ कपडे या एकाच कारखान्याचे, त्यामुळे तिथले पत्र शेठ उभ्यानेच वाचत. या वेळच्या पत्रात म्हटले होते की प्रत्येक ठेकेदाराने आपली 'संस्थात्मक रचना' महिनाअखेरपर्यंत 'सुव्यवस्था' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावी. न भरल्यास टेम्पोला गेटपास मिळणार नाही.

ऑफिसातल्या मृणालीने भरायला घेतले. प्रत्येक माणसापुढे 'वरिष्ठ' असा रकाना होता. रोह्याच्या आठ जणांच्या वरिष्ठ म्हणून तिने काशीबाईंना घातले. काशीबाई सगळ्यांत जुन्या. आलेल्या कपड्यांच्या खिशांतून किल्ल्या, पेने, तंबाखूच्या पुड्या काढून ठेवणे आणि यंत्रांवर लक्ष ठेवणे, ही त्यांची कामे. काशीबाईंची वरिष्ठ मृणाली. मृणालीचे वरिष्ठ शेठ. राहिला शेठचा रकाना, आणि तो रिकामा ठेवला की तांबडा होई.

शेठने स्वतःचेच नाव घालून पाहिले. 'कर्मचारी स्वतःचा वरिष्ठ असू शकत नाही,' असे उत्तर आले. बायकोचे घातले, तर ती कर्मचारी नव्हती. कुलदैवताचे घातले, तर मोबाइल नंबर मागितला. शेवटी मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या झोया नावाच्या मुलीने अतिशय अदबीने समजावले की वरिष्ठ नसलेला माणूस प्रणालीला ओळखता येत नाही. सरांनी यादीतले कुठलेही नाव निवडावे, नंतर बदलता येते.

"काशीबाईचं टाक," शेठ मृणालीला म्हणाले. "ती कुणाला बोलायची नाय."

रकाना हिरवा झाला. पडद्यावर रंगीत फुगे उडाले. आपली संस्था आता सुरचित आहे, असा संदेश अकराही मोबाइलवर गेला.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रोह्यात धुण्याचा सोडा संपला. करारात कलम होते की नोंदलेल्या मंजुरीशिवाय आणलेला सोडा या कपड्यांना लावू नये. काशीबाईंनी मागणी नोंदवली. मृणालीने ती मंजूर केली, शेठने मंजूर केली, आणि प्रणालीने ती शेठच्या वरिष्ठांकडे, म्हणजे काशीबाईंकडे पाठवली. काशीबाईंनीही मंजूर केली. पण त्यांनाही वरिष्ठ होतीच, म्हणून मागणी पुन्हा मृणालीकडे आली. अंतिम मंजुरी ज्याच्यावर कुणी नाही त्याने द्यायची, असा नियम होता, आणि असा माणूस निर्मळ धुलाई केंद्रात आता उरला नव्हता. दिवे लागेपर्यंत त्या सोड्याने रोहा-पेण-रोहा अशा चौदा फेऱ्या मारल्या. तेवढ्या टेम्पोने आठवड्यात मारल्या नव्हत्या.

शेठने घाबरून काशीबाईंना आपल्या वरून हटवण्याचा अर्ज केला. तो वरिष्ठांच्या मंजुरीसाठी गेला आणि सोड्याच्या मागोमाग फिरू लागला.

चार तारखेला कारखान्यातून नितेश साहेबांचा फोन आला. सोमवारपासून दुरुस्तीच्या कामावर जादा माणसे येणार होती, त्यांचे चारशे सूट अजून मळकेच होते. एरवी शेठ अशा वेळी हात जोडून, आईच्या दुखण्याची सबब सांगून मुदत मागत. आज त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे लिहिले होते, 'वरिष्ठांकडे प्रलंबित'.

"साहेब, माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं," शेठ म्हणाले. "पण वरून मंजुरी नाय ना."

 मग नितेश साहेबांचा आवाज चक्क मऊ आला. वरचा प्रश्न आहे होय, मग तुम्ही तरी काय करणार, आमच्याकडेही हेच, असे ते म्हणाले आणि वर जेवलात का म्हणून विचारले.

फोन ठेवल्यावर शेठ कितीतरी वेळ खुर्चीत गोल फिरत होते. बावीस वर्षांत त्यांच्या वर कुणी नव्हते. प्रत्येक फाटलेली बाही, प्रत्येक हरवलेले बटण त्यांच्या एकट्याच्या माथी आले होते. त्या रात्री बायकोने गळक्या नळाचा विषय काढला, तेव्हा ते वर विचारून सांगतो म्हणाले. बायकोने तिथल्या तिथे काशीबाईंना फोन लावला. नळ सकाळी सातला दुरुस्त झाला.

आणि साडेनऊला काशीबाई रोह्याच्या गाडीने स्वतःच पेणला आल्या.

"शेठ, चारशे सूट पडलेत. धवायचे कशान?"

"काशीबाई, वरून मंजुरी नाय, मी काय करू?"

"वर कोन हाय?"

शेठ अडखळले. "तुम्हीच."

"मंग झालं," म्हणत काशीबाईंनी टेबलावरचा फोन ओढला आणि रोह्याच्या शरीफभाईंच्या दुकानात चार गोणी सोडा पाठवायला सांगितला. कुणाच्या हुकमावरून, असे शरीफभाईंनी विचारले असावे. "माज्या," त्या म्हणाल्या आणि परतीच्या गाडीला निघाल्या.

रविवारी दुपारी चारशे सूट कडक इस्त्री होऊन धाटावला पोचले. सोमवारी कारखान्याची तपासणी झाली आणि तिचे दोन निकाल आले. शेठना कार्यपद्धतीच्या काटेकोर पालनाबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले. विनामंजुरी सोडा आणल्याबद्दल काशीबाईंना कामावरून कमी का करू नये, अशी नोटीस आली. नितेश साहेबांनी खासगीत फोन करून, ती गोल रचना कशी बसवली, तेवढे विचारून घेतले.

नोटिशीखाली शेठसाठी दोन बटणे होती, 'रद्द करा' आणि 'पुढे पाठवा'. रद्द करायला कुणाचीही मंजुरी लागत नव्हती. मृणालीने ती ओळ दोनदा वाचून दाखवली. शेठचे बोट त्या बटणावर गेले, तिथे चांगली दोन मिनिटे थांबले. मग विचार आला, की उद्या कुणी विचारले रद्द कुणी केले, तर तिथे एकच नाव असेल. बोट शेजारी सरकले.

नोटीस वरिष्ठांकडे, म्हणजे रोह्याला गेली. काशीबाईंनी ती चष्मा लावून सगळी वाचली.

"सोडा मीच आनलाय," त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या. "लिवलंय ते खरं हाय." आणि त्यांनी 'मंजूर' दाबले.

ती नोटीस अजून फिरते आहे, काशीबाई अजून खिसे तपासत आहेत. शेठच्या जागी तुम्ही असतात तर पहिलेच बटण दाबले असते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तसे लेखी देता का? सही आजच हवी, असे नाही. ज्यांना विचारायचे असेल, त्यांना विचारून घ्या.