निळ्या रोलवरचा राग

"संध्याकाळी माझ्या लेकीच्या दवाखान्याचं उद्घाटन होईल तेव्हा दारावर माझ्याच मशीनने कापलेली अक्षरं असतील. नसली, तर हे मशीन मी स्वतः भंगारात नेऊन टाकीन," असं पेंटरने सकाळी चहाचा कप आपटून जाहीर केलं. कप फुटला नाही. बायकोने स्टीलचे कप आणले होते ते उगाच नाही.

त्याला सगळे पेंटर म्हणत, पण ब्रश त्याने केव्हाच बाजूला ठेवला होता. आता स्टिकरच्या रोलमधून मशीनवर अक्षरं कापायची आणि काचांवर, गाड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर चिकटवायची, हा त्याचा धंदा. मशीन घेतलं तेव्हा लेकीचे दुधाचे दात पडत होते. आता ती दातांची डॉक्टर झाली होती, आणि तिच्या काचेच्या दारावर 'दातांचा दवाखाना' ही अक्षरं याच मशीनमधून निघायला हवीत, हे त्याच्या मनाने कधीचंच घेतलं होतं.

पण लेकीच्या सासऱ्यांनी, म्हणजे व्याह्यांनी, "ऐनवेळी धावपळ नको" म्हणून बाहेरून एक चकचकीत तयार बोर्ड करून आणला. तो त्यांच्या गाडीत होता. "तुमचं झालं तर उत्तमच, नाही झालं तर हा आहेच," असं ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात जुन्या कॉम्प्युटरने त्याच आठवड्यात धूर सोडून मान टाकली. कॉम्प्युटरमधलं कळतं असं ज्याच्याबद्दल घरात मानलं जायचं, त्या मेहुण्याने नवा आणून दिला. नवा कॉम्प्युटर दिसायला देखणा होता, पण मशीनची जाडजूड, पिनांची वायर घुसेल असं एकही भोक त्याला नव्हतं. सकाळी पेंटरने त्याला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं.

"ही वायर कुठे घालू? तुझ्या कानात?"

"दाजी, आता अशी वायर कुणी वापरत नाही," मेहुणा म्हणाला. "मधे एक जोडणी लागेल. मी आणतो."

मेहुणा जोडणी घेऊन आला. वायर बसली. दारासाठी जपून ठेवलेला निळा रोल पेंटरने मोठ्या रुबाबात मशीनवर चढवला. पण मशीन ढिम्म हललं नाही.

ब्रशच्या काळापासून पेंटरची एक सवय होती. ब्रश ओला केला की रद्दीवर मनात असेल ते लिहून बघायचं. नुसतं अ आ इ लिहिणं त्याला पोरकट वाटायचं. तीच सवय मशीनलाही लागली. दाराच्या अक्षरांचं वीतभर उंचीचं माप आधीच लावलेलं होतं. त्याच मापात त्याने 'मेहुण्याने दिवे लावले' असं टाइप केलं आणि कापायचं बटण दाबलं. काही झालं नाही. मेहुण्याने काहीतरी डाउनलोड केलं. पुन्हा काही झालं नाही.

"अहो, वायर नीट बसली आहे ना?" बायकोने विचारलं.

"बसली आहे."

जेवायला बसल्यावर तिने पुन्हा विचारलं. ताट सरकवून पेंटर उठला आणि त्याने 'वायर बसली आहे, आता तोंड बंद' असं टाइप करून बटण दाबलं. दुपारी व्याह्यांचा फोन आला, "घेऊन येऊ का बोर्ड?" त्यानंतर काय टाइप झालं ते पुढे कळेलच. दिवसभर तो असाच टाइप करत होता आणि बटणावर बोट आपटत होता.

उन्हं कलली तसे व्याही लेकीला घेऊन घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आले. त्याच वेळी मेहुणा खुर्चीतून उठला. "सापडलं, दाजी. मशीन एका नंबरच्या दाराशी होतं आणि कॉम्प्युटर दुसऱ्याच नंबरचं दार वाजवत होता." त्याने नंबर बदलला. मशीनने खरखर केली, दिवा लागला, आणि पातं सुरू झालं.

"बघा," पेंटर व्याह्यांना म्हणाला. "जुनं आहे, पण माझं आहे."

आता, जुना कॉम्प्युटर मशीन सापडलं नाही की पाठवलेलं विसरून जायचा. नवा विसरत नव्हता. त्याने सकाळपासूनचं सगळं ओळीने सांभाळून ठेवलं होतं. व्याह्यांनी चष्मा लावला आणि रोलवर उमटणारी अक्षरं मोठ्याने वाचली. "मेहुण्याने... दिवे... लावले."

मेहुणा पेंटरकडे बघत राहिला. मग वायर बसल्याचं आलं. बायकोने पदर खोचला. हे फार वाईट लक्षण होतं.

"दाजी, रद्द करतो," मेहुणा म्हणाला. "ह्या रांगेत तर..."

"हात लावशील तर याद राख. सकाळपासून हात लावून लावूनच ही वेळ आणलीस."

"अहो, मग वायर तरी काढा," बायको पुटपुटली.

"काढली आणि पुन्हा लागली नाही तर? मागून नाव येतंय ना लेकीच्या दवाखान्याचं. येऊ दे."

आणि सगळे नुसते बघत उभे राहिले. पातं संथपणे, एकही कोपरा न चुकवता कापत गेलं. 'व्याह्यांचा बोर्ड त्यांच्याच गळ्यात बांधा' हे तर फारच सुबक आलं. व्याह्यांनी तेही शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा पुसला. पेंटरच्या कानशिलांवरून घाम वाहत होता, पण तो हलला नाही. मग रोल संपला आणि मशीन थांबलं.

"नाव कुठे आहे?" पेंटर ओरडला. "कुणी खाल्लं?"

"तेच सांगत होतो, दाजी," मेहुणा म्हणाला. "नाव रांगेत नव्हतंच. तुम्ही ते पाठवलंच नाहीत."

पेंटर मटकन स्टुलावर बसला. ज्या नावासाठी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं, ते दिवसभरात त्याने एकदाही पाठवलं नव्हतं. दुसऱ्यांना शिव्या तेवढ्या पाठवल्या होत्या. त्याला इतकी लाज वाटली की रागवायलाही सुचेना.

दारावर व्याह्यांचा बोर्ड लागला. व्याह्यांनी तो स्वतः, गळ्यात न बांधता, लावला.

लेकीला मात्र बापाचा चेहरा बघवेना. रोलच्या टोकाची एक पट्टी उरली होती. ती म्हणाली, "बाबा, दार कसं उघडायचं तो एक शब्द मला लागणारच आहे. तो तुम्हीच करून द्या."

पेंटरने कुणाला काही विचारलं नाही. इतकी वर्षं दारांवर अक्षरं लावणाऱ्या माणसाने दाराबद्दल विचारायचं? त्याने डोळे पुसले, 'ढकला' कापलं आणि काचेवर बुडबुडाही न ठेवता चिकटवलं.

अक्षरं सुरेख आहेत. येणारा प्रत्येक पेशंट दार ढकलतो, पुन्हा ढकलतो, खांदा लावतो, आणि मग लेक आतून हाताने खूण करते, ओढा. पेंटरला हे सांगायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.