डाळीच्या रॅकचा मुक्काम

सुपरमार्केटमधला तूरडाळीचा रॅक सोमवारी सकाळी आमच्याकडे आठ दिवस राहायला आला. पाच फळ्यांचा, पांढरा, उंचीला माझ्यापेक्षा वीतभर जास्त. जिना तो आपणहून चढला. दारातून येताना त्याला तिरकं व्हावं लागलं, तेव्हा मी "जरा सांभाळून" म्हणालो. सोबत प्रज्ञा कोळेकर होती आणि तिच्या हातात मुख्य कार्यालयाचं पत्र होतं.

प्रज्ञा सहा वर्षं या रॅकवर डाळ लावते. म्हणजे लावायची. डाळ महागत गेली, मग कमी कमी येत गेली आणि गेले एकवीस दिवस आलीच नव्हती. पत्रात लिहिलं होतं की सलग एकवीस दिवस रिकामा राहिलेला रॅक आठ दिवस एखाद्या नियमित ग्राहकाच्या घरी ठेवण्यात यावा. ग्राहकाने तो भरून परत केल्यास रॅक कामावर राहील. रिकामा आल्यास तो भंगारात काढण्यात येईल आणि त्यावर माल लावणाऱ्या कर्मचाऱ्यास कामावरून मुक्त करण्यात येईल. मी मिरजेच्या भूमापन कार्यालयात तेहतीस वर्षं काढली आहेत. पत्राला जावक क्रमांक होता, तारीख होती, सहीखाली हुद्दा होता. नाव ठेवायला जागा नव्हती.

"अकरा वर्षं तुम्ही हितनंच डाळ नेताय, म्हणून तुमचं नाव निघालं काका," प्रज्ञा म्हणाली. "जमलं तर बघा. न्हाई जमलं तर मनाला लावून घेऊ नका."

माझी बायको इंदुमती चहा टाकायला आत गेली. दोन वर्षांपूर्वी तिचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा महिनाभर प्रज्ञाने आमच्या पिशव्या रिक्षापर्यंत आणून दिल्या होत्या. त्याबद्दल बोलू लागलं की प्रज्ञा विषय बदलायची. असे उपकार राहून जातात आणि आपल्याला बोचत राहतात.

पाहुणा म्हणून रॅक चांगला होता. टीव्ही आणि खिडकीच्या मध्ये उभा राहायचा, भिंतीला टेकायचा नाही. फक्त त्याच्या मधल्या फळीवर भावाची पट्टी होती आणि डाळ नसतानाही भाव रोज सकाळी वाढायचा. मंगळवारी दोनशे चाळीस होता, बुधवारी दोनशे सत्तर.

"माफ करा," रॅक म्हणाला. "माझ्या हातात नाही."

"असू द्या," मी म्हणालो. "आमचा दूधवालाही हेच म्हणतो."

गुरुवारी मी गावातली सगळी दुकानं पालथी घातली. डाळ कुठेच नव्हती. शुक्रवारी मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि 'भरून' या शब्दाची व्याख्या विचारली.

"रिकामा नसलेला," पलीकडून उत्तर आलं.

"कशाने?"

"त्याच्याच मालाने. म्हणजे तूरडाळीने."

मी ते पत्राच्या मागे लिहून ठेवलं. आमच्या घरच्या डब्यात दोन वाट्या डाळ होती.

रविवारी सकाळी इंदुमतीने त्यातली एक वाटी भरली आणि रॅकच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली. वाटी तिच्या लग्नातली. तिच्यावर 'सौ. इंदुमतीस मावशीकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं आहे.

"एका वाटीने काय होणार आहे?" मी म्हणालो.

"काय व्हायचं ते होऊ दे. आपल्याकडे आलेलं भांडं कधी रिकामं परत गेलंय?"

"हे भांडं नाही. रॅक आहे."

"भरायला असतं ते भांडंच."

याविरुद्ध माझ्याकडे नियम नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या मुल्लाणी भाभी विरजण मागायला आल्या. त्यांनी वाटी बघितली आणि रॅक कुणाचा ते विचारलं. प्रज्ञाचा म्हटल्यावर विरजण न घेताच परत गेल्या आणि डाळीची वाटी घेऊन आल्या. "रोज्याच्या महिन्यात खजूर संपायला लागली की माझ्यासाठी एक पाकीट बाजूला काढून ठेवती ओ ती," त्या म्हणाल्या. मग गल्लीत कळलं. दुपारपर्यंत जिन्यावर पायरव सुरू होता. कुणाची वाटी शिगोशीग, कुणाची अर्धी. अतिग्रे सर गेली चार वर्षं गल्लीत कुणाशी बोलत नाहीत. त्यांनीही एक ठेवली, कोरलेलं नाव भिंतीकडे फिरवून. एकूण एक्केचाळीस वाट्या झाल्या. या महागाईत लोकांनी घरातली डाळ काढून दिली होती. मला माझ्या गल्लीचं इतकं कौतुक कधीच वाटलं नव्हतं.

रॅकने आपली एकेक फळी न्याहाळली. मग म्हणाला, "मी आजवर डाळ पाकिटातच पाहिली."

आता ही डाळ एका पिशवीत काढावी आणि वाट्या ज्याच्या त्याला द्याव्यात, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. सोमवारी रॅक वाट्यांसकट निघाला. सांडू नये म्हणून इतका हळू चालला की दहा मिनिटांच्या रस्त्याला तास लागला. चौकातल्या पोलिसाने दोन्हीकडची वाहनं थांबवून धरली.

दुकानात मुख्य कार्यालयाचे मगदूम साहेब आले होते. नियमाप्रमाणे माल बारकोडच्या मशीनला दाखवावा लागतो. प्रज्ञाने आमची वाटी उचलली आणि कोरलेल्या अक्षरांसमोर मशीन धरलं. मशीन जरा थांबलं. मग रॅकच्या पट्टीवरचा तीनशे नव्वदचा आकडा गेला आणि तिथे 'सप्रेम भेट' असं आलं.

"याच्यावर आजची बारा टक्के वाढ लावा," साहेब म्हणाले.

प्रज्ञाने तीनदा प्रयत्न केला. "साहेब, सप्रेम भेटीचे बारा टक्के निघत न्हाईत."

साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवर करून पाहिलं. त्यांच्याकडूनही निघाले नाहीत. मग त्यांनी लिहिलं, रॅक भरलेला आढळला, कर्मचारी कामावर कायम. प्रज्ञाने तो कागद दोनदा वाचला आणि खाली स्टुलावर बसून राहिली. इंदुमतीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता डाळ काढून घ्या आणि वाट्या लोकांना परत करा," साहेब म्हणाले.

"रिकाम्या?" इंदुमतीने विचारलं.

साहेबांचा पेन थांबला. ते मूळचे शिरोळकडचे, म्हणजे आमच्याच भागातले आहेत.

"न्हाई," ते म्हणाले. "रिकाम्या कशा द्यायच्या?" आणि तेही त्यांनी लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला.

पुढच्या सोमवारी बेल वाजली. दारात प्रज्ञा होती आणि मागे रॅक. गल्लीत पहिलं घर आमचं. आमच्या वाटीत शिगोशीग तूरडाळ होती. डाळ मुख्य कार्यालयाने कुठून आणली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. इंदुमतीने ती डब्यात ओतली, वाटी पुसली आणि रॅककडे पाहिलं. वाटीच्या जागी वरच्या फळीवर एक मोकळं वर्तुळ दिसत होतं.

"थांबा जरा," ती रॅकला म्हणाली आणि आत गेली. परत आली तेव्हा वाटीत गुळाचे दोन खडे होते. वाटी तिने त्याच जागी ठेवली. मी चष्मा काढून पुसला. प्रज्ञा बघत होती, तरी मी तोंड फिरवलं नाही. पट्टीवर अजून सप्रेम भेटच होतं.

रॅक निघाला. मी सवयीने "जरा सांभाळून" म्हणालो, पण त्याला आता आमचं दार माहीत झालं होतं.