नावाड्याकडचे डॉक्टर लिमये

ब्रिस्टलच्या आमच्या मंडळात नवा माणूस आला की चहाच्या आधी त्याला विचारतात, "गाव कोणतं?" त्यानं उलट डॉक्टर लिमयांना तेच विचारलं की आम्ही जुनी मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसायचो.

"सावा नदीच्या काठी," डॉक्टर सांगायचे.

"कृष्णेला मिळते ती का?"

"छे. डॅन्यूबला."

वास्तविक लिमये वाईचे. पण त्यांची बायको आनित्सा, त्यांच्याच हॉस्पिटलात नर्स, स्लोव्हेनियातल्या एकतीस उंबऱ्यांच्या खेड्यातली. मंडळानं पहिल्याच हळदीकुंकवाला तिची अनितावहिनी करून टाकली. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला वहिनी गेल्या आणि डॉक्टरांचं "आमच्या गावी" सुरू झालं.

कोणी प्रतापगडाचं कौतुक केलं की, "आमच्या गावी चर्चलाच तट आहे. तुर्क आले की माणसं, गुरं, कोंबड्या, एव्हरीबडी आत." पानात श्रीखंड पडलं की, "आमच्या गावी मधमाश्यांच्या पेट्यांवर चित्रं काढतात." श्रीखंडाचा आणि मधमाश्यांचा संबंध डॉक्टरांनाच ठाऊक.

गंमत म्हणजे हे गाव त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. मुलीनं परक्या देशातल्या सावळ्या डॉक्टरशी लग्न केलं म्हणून सासऱ्यांनी पत्रं बंद केली, ती कायमची. संध्याकाळी भांडी पुसता पुसता वहिनी गाव सांगायच्या आणि डॉक्टर उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर नकाशा काढायचे.

त्यांच्या दारावर लाकडी पाटी होती, 'प्री ब्रोदार्यू', म्हणजे 'नावाड्याकडे'. वहिनींच्या घराण्यात सावेवरची नाव पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्या गावात माणसाआधी घर ओळखतात. आडनावं बदलतात, घराचं नाव हलत नाही, आणि जावई घरात आला की त्यालाही तेच लागतं. आपल्याकडे घरजावई म्हटलं की माणूस मान खाली घालतो. डॉक्टर ताठ व्हायचे.

एकदाच मला म्हणाले, "टेक्निकली, आय हॅव नो राइट. नाव गावानं द्यायचं असतं रे. मी आपलं स्वतःच लावून घेतलंय."

स्लोव्हेनिया वेगळा देश झाल्यावर त्यांनी तिथल्या चर्चच्या फादरना पत्र घातलं. उत्तर आलं, घर रिकामं आहे पण उभं आहे, जरूर या. लगेच मला फोन. "तू चल रे माझ्याबरोबर. दारातूनच गेट आउट म्हणाले तर टॅक्सी बोलवायला कोणीतरी हवं."

गावात शिरल्यावर मात्र तेच पुढे, आणि नकाशा पिशवीतच. "हे लोहाराकडचं. हे गिरणीवाल्याचं, पण कौलं नवी दिसतायत." फादर मान डोलवत मागून येत होते. खरं सांगतो, माझी छाती फुगली. वाईचा माणूस गावकऱ्याला त्याचंच गाव दाखवत होता.

नावाड्याच्या घराला लागून बाकावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिनं डॉक्टरांना नखशिखान्त न्याहाळलं आणि फादरना काहीतरी विचारलं. त्यातलं 'ब्रोदार' तेवढं मलाही कळलं.

फादरनी अडखळत इंग्रजीत सांगितलं, "म्हणतेय, हा नावाड्याचा जावई. यायला एवढा उशीर का केलास? आणि एकटाच कसा? आनित्सा कुठाय?"

डॉक्टरांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं नकाशा काढतायत. निघाली ब्रिस्टलची पाटी.

"डाव्या हाताला," ते म्हणाले. "ती म्हणायची, पाटी डाव्या हाताला असते."

पाटी मी धरली. स्क्रू त्यांनीच पिळले.

ब्रिस्टलच्या दारावर आता नुसती चार भोकं आहेत. परवा मंडळातल्या कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, तुमची पाटी कुठं गेली?"

"घरी," डॉक्टर म्हणाले.