बेचाळीस पुड्यांचा छडा

नरेंद्ररावांच्या मते आरोग्य खात्याला त्यांच्यासारखं नाक पुन्हा मिळालं नाही. एक्क्याऐंशी साली त्यांनी रबडीतला टीपकागद चार दुकानं आधीच हुंगून ओळखला होता. ते निवृत्त झाले, नाक झालं नाही. सध्या ते जपानात, उरायासुमध्ये, सून वैभवीच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात, कामाविना बसून होतं. त्यामुळे मंगळवारी सकाळी वैभवी किंचाळली तेव्हा त्यांना बरंच वाटलं.

"बाबा, फ्रीजरमधले नमुने गायब!"

पाळणाघराला चाळीस डबे द्यायचं काम हवं असेल, तर रोजच्या तिन्ही पदार्थांची एकेक पुडी चौदा दिवस गोठवून ठेवायची होती. कोणाचं पोट बिघडलं तर तीच तपासतात. अकरा वाजता होकेन्जोचे, म्हणजे आरोग्य कचेरीचे, मोरिता-सान यायचे होते. बेचाळीसपैकी समोरच्या सहाच पुड्या उरल्या होत्या. मागचा खण रिकामा.

"हे काम गेलं तर दुकान बंद करावं लागेल, बाबा."

"कोणी कशाला हात लावू नका!" असं म्हणून नरेंद्ररावांनी पत्नी लीलावतीबाईंनी वरच्या घरातून करून आणलेल्या थालीपिठाला हात लावला. रिकाम्या पोटी त्यांना पुरावे दिसत नसत.

पहिला संशय शेजारच्या रामेनवाल्यावर. "दिवसातून सहा वेळा वाकतो. एवढं वाकणारा माणूस काहीतरी शोधत असतो."

"बाबा, तो नमस्कार करतो."

"मग तो मीटर बघणारा! बूट दाराशी काढून आला. पावलांचा आवाज नको म्हणून!"

"बूट आपणही काढतो."

"म्हणूनच मला ही युक्ती कळली."

मग त्यांनी फरशीवर तांदळाचं पीठ भुरभुरवलं, येरझारा घालत विचार केला आणि खाली वाकले. "सापडला! अनवाणी, डावा अंगठा बाहेर वळलेला. चोर वयस्कर आहे आणि थोडा लंगडतो."

"अहो, ते तुमचेच पाय आहेत," लीलावतीबाई म्हणाल्या. "अजून एक देऊ?"

"दे. आज चव निराळी आहे गं."

"काल बटाटा होता, आज चवळी."

मोरिता-सान अकराच्या ठोक्याला आले. पिठाकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं. फ्रीजर पाहिला, आणखी लिहिलं. मग एकच प्रश्न विचारला.

"ते विचारतायत, हा फ्रीजर आणखी कोण उघडतं?" वैभवीने मराठीत सांगितलं.

चौतीस वर्षांच्या अनुभवाला हा प्रश्न सुचला नव्हता.

"मी," लीलावतीबाई म्हणाल्या. "आल्या दिवसापासून. त्या पुड्या ना? एवढंएवढंसं शिळं, टाकवेना. थालीपिठात घातलं."

नरेंद्ररावांनी ताटली हळूच पाठीमागे नेली.

वैभवीने भाषांतर केलं. "किती दिवस खाल्लं, विचारतायत."

"नऊ."

"कोणाला त्रास?"

"कसला त्रास? हे तिसरं मागतात."

मोरिता-सान बराच वेळ लिहीत राहिले. काम जाणार नव्हतं; पण फरशी आत्ता पुसायची, चौदा दिवस आजपासून पुन्हा मोजायचे, आणि फ्रीजरवर घरच्यांच्या भाषेत सूचना लावायची. वैभवीने डोळे पुसले आणि ठळक अक्षरांत लिहिलं : 'हे शिळं नाही.'

लीलावतीबाईंनी ते दोनदा वाचलं. "आणि पंधराव्या दिवशी टाकून देणार?"

"हो, आई."

"मग या साहेबांना विचार, त्या दिवशी न्याहारीला येतील का."

वैभवीने घाबरत घाबरत विचारलं. मोरिता-सान यांनी गंभीर चेहऱ्याने डायरी काढली आणि तारीख बघू लागले.